गाव नाही तिथे स्टेशन

माझा रेल्वेवर राग आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. रागावायला आधी ओळख लागते, आणि आमच्या पाटणची नि रेल्वेची अजून ओळखच झालेली नाही. केरा आणि कोयना या दोन नद्या आमच्या गावाशी येऊन मिळतात, गुहागर-विजापूरचा रस्ता गावाला घासून जातो, कोयनेचं धरण आमच्याच तालुक्यात आहे. पण आगगाडीची शिट्टी आमच्याकडे फक्त सिनेमात ऐकू येते. सगळ्यात जवळचं स्टेशन कराडचं. पाटणपासून कराड पस्तीसेक किलोमीटर. म्हणजे कराड हे गाव पस्तीसेक किलोमीटर. कराडचं स्टेशन ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यासारख्या गोष्टींबद्दलच मला आज चार शब्द भांडायचे आहेत.

भांडायचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्या पदाला काहीतरी सुधारलेलं इंग्रजी नाव आहे, पण काउंटरपलीकडचा माणूस अजून 'ओ क्लार्क' अशीच हाक मारतो आणि मीही अजून 'ओ' देतो. बी. कॉम. झालो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे एका बाजूला नावे टाकलं की दुसऱ्या बाजूला कुठेतरी जमा झालं पाहिजे. बाकीचं अकाउंटन्सी परीक्षेच्या हॉलमध्येच राहिलं, पण एवढं मात्र संसारातसुद्धा उपयोगी पडलं. या एका नियमाच्या जोरावर माझं म्हणणं असं आहे की, आपल्याकडची निम्मी स्टेशनं गावांच्या नावे टाकलेली आहेत, पण ती गावांना जमा झालेलीच नाहीत. हिशेब चुकलेला आहे, आणि तो कोणी तपासत नाही.

हे वेड माझ्या डोक्यात घातलं माझ्या भाच्याने. तो जपानात नोकरीला आहे. तिकडून तो आम्हाला फुलांचे, मंदिरांचे आणि कच्च्या माशांचे फोटो पाठवत असतो. फुलं आणि मंदिरं सौ.ला आवडतात, मासे पाहिले की ती फोन पालथा ठेवते. परवा त्याने एका स्टेशनचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे तुमच्यासाठी. स्टेशनचं नाव मोजी."

आता दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला जपानात मोजी नावाचं स्टेशन निघावं याचा आनंद झाला नाही तरच नवल. मी लगेच चौकशी केली. जपानच्या दक्षिणेकडे क्यूशू नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाला किताक्यूशू शहर, आणि त्यातला जुन्या बंदराचा भाग म्हणजे मोजी. तिथलं हे स्टेशन १९१४ साली बांधलेलं, दुमजली, लाकडी. १९८८ साली जपान सरकारने त्याला महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं. मध्ये काही वर्षं त्याची डागडुजी चालली होती, ती पुरी होऊन २०१९ साली ते पुन्हा दिमाखात उभं राहिलं. पण मला त्याच्या लाकडाचं किंवा वयाचं कौतुक नाही. जुनं लाकूड आमच्या शाखेतल्या टेबलांनाही आहे. मला कौतुक वाटलं ते भाच्याच्या पुढच्या वाक्याचं. "मामा, गाडीतून उतरून बाहेर आलं की समोर समुद्र. चार पावलांवर धक्का. धक्क्यावरून होडीत बसलं की पाच मिनिटांत पलीकडच्या बेटावर."

वाचकहो, मी ते वाक्य दोनदा वाचलं. गाडीतून उतरायचं, आणि ज्या ठिकाणी जायचं ते ठिकाण समोर! मध्ये रिक्षा नाही, "किती घेणार?" नाही, "सीट भरल्याशिवाय सुटणार नाय" नाही.

गंमत पुढेच आहे. १९४२ साली त्या सामुद्रधुनीखालून रेल्वेचा बोगदा झाला आणि मोठ्या गाड्या मोजीच्या बंदराला वळसा घालून परस्पर जाऊ लागल्या. बोगद्याच्या वाटेवर अलीकडे एक दुसरं स्टेशन होतं, त्याला मोजी हे नाव मिळालं. मग आमच्या या जुन्या स्टेशनाचं काय केलं? त्याला नाव दिलं 'मोजी-को'. को म्हणजे बंदर. प्रवाशाला स्वच्छ सांगितलं की, बाबा रे, बंदरावर जायचं असेल तर इथे ये. मोठेपण गेलं, पण जागा सोडली नाही आणि खोटं बोलले नाहीत.

या एका अक्षरी 'को'पुढे आमच्याकडे कोणता शब्द आहे? आमच्याकडे आहे 'रोड'.

नाशिक रोड, सातारा रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, सावंतवाडी रोड. हा 'रोड' म्हणजे इंग्रजाच्या काळापासून चालत आलेला सभ्य कबुलीजबाब आहे. 'आम्ही तुम्हाला अमुक गावाच्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं आहे, पुढचं तुमचं तुम्ही पाहा,' असा त्याचा सरळ मराठी अर्थ. एखाद्या सोयऱ्याने लग्नाचं आमंत्रण द्यावं आणि पत्रिकेत 'स्थळ: मंगल कार्यालय रोड' असं छापावं, तसा हा प्रकार. जेवण कुठे आहे ते तुम्ही शोधा.

नाशिक रोडची गोष्ट वेगळी. ते स्टेशन गावापासून इतकं लांब पडलं की वाट पाहून पाहून कंटाळलेल्या लोकांनी तिथेच गाव वसवलं. आज मी दिवसभर ज्या नोटा मोजतो त्यांतल्या कितीतरी नाशिक रोडच्या छापखान्यातून आलेल्या असतात. म्हणजे आमचं पोट एका 'रोड'वरच चालतं, हे मला मान्य आहे. राजापूरला मात्र हा इलाज चालणार नाही. राजापूरची गंगा मनाला येईल तेव्हा प्रगट होते आणि मनाला येईल तेव्हा गुप्त होते, हे सर्वांना ठाऊक आहे. राजापूर रोडला उतरणाऱ्याने रिक्षाबद्दलही तीच श्रद्धा ठेवावी.

तरी मी म्हणतो, रोडवाले बिचारे प्रामाणिक. पाटीवरच सांगून मोकळे होतात. माझं खरं भांडण आहे ते रोड न म्हणणाऱ्यांशी. कराडच्या स्टेशनावर नुसतं 'कराड' लिहिलेलं आहे. ते आहे ओगलेवाडीला, जिथल्या काचकारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने एके काळी महाराष्ट्रभर उजेड पाडला. साताऱ्याची तर आणखी तऱ्हा. तिथे 'सातारा रोड' म्हणून एक स्टेशन आहे आणि 'सातारा' म्हणून दुसरं. पहिलं साताऱ्यात नाही हे नावावरून कळतं. दुसरं साताऱ्यात नाही हे उतरल्यावर कळतं. ते माहुलीकडे आहे.

आणि आमच्या बाजूचं बंदराचं शहर म्हणजे रत्नागिरी. मोजीची आणि तिची तुलना केल्याशिवाय मला राहवेना. रत्नागिरीला काय कमी आहे? भगवती बंदर आहे, मिरकरवाड्याची मासळी आहे, थिबा राजाचा राजवाडा आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला राष्ट्राला अर्पण झाली. सह्याद्री फोडून केलेली ती करामत खरोखर थोर आहे. रत्नागिरीजवळच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल आहे. डोंगराच्या पोटातून साडेसहा किलोमीटर जाणारी ही रेल्वे रत्नागिरी शहराच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर मात्र दमून उभी राहिली. समुद्र तिला डोळ्यांनी दिसत नाही. बंदरापर्यंत रूळ नाहीत. तिथला हापूस आजही बहुतांशी ट्रकात बसून वाशीला जातो.

ट्रकावरून आठवलं. कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक गाडीवर चढवून नेतात. कल्पना उत्तम आहे. ट्रक गाडीवर बसून येतो, उतरतो, आणि स्वतःच्या चाकांवर गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जातो. माणसाला देवाने चाकं दिली नाहीत, ही एवढी एकच अडचण आहे.

हे सगळं मी आमच्या शाखेत चहाच्या वेळी बोलून दाखवलं, तेव्हा आमचे हेडकॅशियर खवळले. त्यांचे एक नातेवाईक रेल्वेत होते, त्यामुळे रेल्वेचा अपमान त्यांना घरचा वाटतो. ते म्हणाले, "राव, तुम्ही कॉमर्सवाले. इंजिनिअर काय मूर्ख होते? कराड गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर, कृष्णेच्या अलीकडे. रेल्वे येते कृष्णेच्या पलीकडून. गाडी गावात आणायची म्हणजे एक पूल यायला आणि दुसरा जायला. दोन पूल! पैसे कुठून आणायचे? रत्नागिरीला गाडी समुद्रापर्यंत उतरवायची म्हणजे पुन्हा चढवायलाही हवी. रेल्वेला चढ सोसत नाही. एसटीसारखी ती काय घाटात पहिल्या गिअरवर कण्हत जाईल?"

हे म्हणणं खरं आहे, आणि खरं असलेलं म्हणणं मान्य करायला बी. कॉम.ला हरकत नसते. रुळावरच्या गाडीला सौम्य चढ लागतो, मोठी वळणं लागतात, पूल महाग असतात, गावातली जमीन त्याहून महाग असते. पण हेडकॅशियरांनी एकाच पानाचा हिशेब वाचला. मी दुसरं पान उघडतो.

समजा, एका स्टेशनावर दिवसाला फक्त पाचशे माणसं चढतात-उतरतात. समजा, स्टेशन ते गाव प्रत्येकाला सरासरी चाळीस रुपये पडतात. दिवसाचे झाले वीस हजार. वर्षाचे त्र्याहत्तर लाख. तीस वर्षांचे, व्याज न धरता, एकवीस कोटी नव्वद लाख. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण मुद्दा असा की, पुलाचे पैसे वाचले असं जे आपण म्हणतो, ते वाचलेले नाहीत. ते रेल्वेच्या खात्यातून निघून प्रवाशाच्या खिशात नावे पडले आहेत. रेल्वेने एकदा करायचा भांडवली खर्च टाळला, आणि लोक तो रोज, चाळीस-चाळीस रुपयांनी, कोणत्याही ताळेबंदात न येता फेडत आहेत. आमच्या बँकेत कोणी असा हिशेब लिहिला असता तर ऑडिटरने त्याला उभा केला असता. रेल्वेच्या बाहेर ऑडिटर नसतो. तिथे रिक्षावाला असतो.

रिक्षावाल्यालाही मी दोष देत नाही. रात्री दोन वाजता येणाऱ्या गाडीसाठी तो अकरापासून डास मारत बसणार, गाडी उशिरा येणार, त्यातून चार माणसं उतरणार, त्यांतल्या तिघांना घ्यायला मोटारसायकली येणार. चौथ्याकडून त्याने चौघांचे घेतले तर त्याचंही पोट आहे.

तो चौथा एकदा मी होतो. म्हणून हा लेख.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं. आबा जन्मभर माथाडी. आमच्या पाटण तालुक्यातून जशी माणसं मुंबईला गेली तसेच तेही गेले. आधी मशीद बंदराजवळच्या दाणाबंदरात, पुढे धान्याचा बाजार वाशीला गेला तेव्हा वाशीला. एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. घरी यायचं ते एसटीने. रात्री मुंबईत बसायचं, सकाळी पाटणच्या स्टँडवर उतरायचं, चालत घरी. रेल्वेने ते गावाकडे कधीच आले नव्हते. पण डॉक्टर म्हणाले, पाय दुमडून बसवू नका, आडवं झोपवून न्या. म्हणून मी रेल्वेची तिकिटं काढली. सौ.ने बरोबर दशम्या दिल्या. आबा खालच्या बर्थवर पाय लांब करून झोपले आणि म्हणाले, "लई झ्याक हाय की रं हे! उगाच एवढी वरसं एसटीत हाडं मोडून घेतली." मला अभिमान वाटला. जणू रेल्वे मीच बांधली होती.

पहाटे पावणेतीनला एका स्टेशनावर उतरलो. स्टेशनाचं नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण त्या नावाचं गाव तिथे नव्हतंच. गाडी दोन मिनिटं थांबली, तेवढ्यात आबांना, दोन पिशव्यांना आणि वॉकरला कसंबसं खाली घेतलं. गाडी गेली आणि एवढी शांतता झाली की आबांच्या वॉकरच्या रबराचा आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बाहेर आलो. चहाची टपरी बंद. एक कुत्रं. एक रिक्षा, तिच्यात झोपलेला एक माणूस. त्याला उठवलं तर म्हणाला, ही रिक्षा बिघडलीय, म्हणून तर झोपलोय. दुसरी एक होती, तिने मागितलेला आकडा आमच्या दोघांच्या मुंबईपासूनच्या तिकिटांहून मोठा होता. मी तोही दिला असता. पण मी "देतो" म्हणेपर्यंत तिच्यात दुसरं कोणी बसून गेलं.

मग आम्ही बाकावर बसलो. थंडीचे दिवस होते. आबांनी पाय पिशवीवर लांब केला. मी त्यांना शाल गुंडाळली आणि नुसता हिशेब करत बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही. थोड्या वेळाने आबा म्हणाले,

"आरं, ह्यो गाव कुठं गेला?"

"गाव आत हाय आबा. सहा किलोमीटर."

"मग गाडी हितं का थांबली?"

मी त्यांना चढ-उतार, पूल, जमिनीचा भाव, सगळं हेडकॅशियरांसारखं समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माथाडीला दुसऱ्याचं ओझं ऐकून घ्यायची सवय असते. मग ते म्हणाले,

"म्या एकतीस वरसं हमाली केली. पोतं उचललं की ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठिवायचं, मग पैसं मागायचं. जिना आसला तरी चढायचा. अर्ध्या वाटंवर पोतं टाकून 'आता तुझं तू ने' म्हणलं आसतं, तर शेटनं हमाली दिली आसती का रं?"

साडेपाचला उजाडायच्या सुमारास एक वडाप आलं आणि त्यात कोंबून आम्ही स्टँडवर आलो. ज्या दुमडलेल्या पायासाठी एसटी टाळली होती, तो पाय शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये पुरता दुमडला. पुढचे आठ दिवस सूज होती. त्याचा खर्चही कुठल्याच ताळेबंदात नाही.

एक म्हातारा माणूस थंडीत तीन तास बसला, यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. मला त्या रात्रीपासून असं वाटतं की, प्रत्येक स्टेशनाच्या बाहेर, प्रत्येक रात्री, कोणी ना कोणी असं बसलेलं असतं. लहान पोर कडेवर घेतलेली बाई असते. परीक्षेला आलेली मुलगी असते, आणि ती एकटीच रिक्षात बसायचं की उजाडायची वाट पाहायची याचा विचार करत असते. तिला रेल्वेने शेकडो किलोमीटर सुखरूप आणलेलं असतं, आणि नेमकं शेवटच्या सहा किलोमीटरला, जिथे अंधार सगळ्यात जास्त, तिथे तिला सोडून दिलेलं असतं.

हेडकॅशियरांना हे सांगितलं. ते थोडे विरघळले, पण त्यांनी एक शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "तुमच्या जपानातसुद्धा गावाबाहेर स्टेशनं आहेत! बुलेट ट्रेनची पाहा." मी तयारीत होतो. आहेत ना. १९६४ साली त्यांची ती वेगवान गाडी सुरू झाली तेव्हा योकोहामा या बंदराच्या शहरासाठी स्टेशन गावाबाहेर शेतांजवळ बांधलं. पण त्याला योकोहामा म्हणाले नाहीत. शिन-योकोहामा म्हणाले. शिन म्हणजे नवं. आणि ते मुद्दाम अशा जागी बांधलं की जिथून शहरात जाणारी साधी गाडी आधीपासून धावत होती. उतरलं की दुसरी गाडी हजर. म्हणजे दारात नेता येत नसेल तर निदान दुसऱ्या हमालाच्या पाठीवर पोतं नीट दिलं. आबांनाही एवढं चाललं असतं.

आणि वाचकहो, या बाबतीत जपान्यांकडून शिकायची आपल्यावर पाळी यावी, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यांची पहिली रेल्वे १८७२ ची, तोक्योच्या शिंबाशीपासून योकोहामा बंदरापर्यंत. आपली १६ एप्रिल १८५३ ची, त्यांच्या एकोणीस वर्षं आधीची. आणि ती सुटली कुठून? बोरीबंदरहून! हिंदुस्थानची पहिली प्रवासी गाडी ज्या स्टेशनावरून सुटली त्याच्या नावातच बंदर होतं. पुढे तिथे मोठी थोरली इमारत उभी राहिली आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावापुढे बिचारं बंदर बुडालं. राणी गेली, महाराजांचं नाव आलं, ते योग्यच झालं. पण माणसाला जिथे जायचं तिथपर्यंत रूळ न्यायचे, ही बोरीबंदरची अक्कल मात्र राणीबरोबर गेली ती परत आली नाही. सगळीकडेच गेली असं नाही. कोल्हापूर संस्थानाने १८९१ साली मिरजेपासून रेल्वे नेली ती थेट गावात नेली. आजही कोल्हापूरला उतरलेला माणूस कोल्हापुरातच उतरतो. संस्थानाला जमलं ते सार्वभौम राष्ट्राला जमू नये?

माझ्या मागण्या माफक आहेत. जुनी स्टेशनं उचलून गावात आणा असं मी म्हणत नाही. पहिली मागणी, जिथे गाव नाही तिथे खरं बोला. पाटीवर गावाच्या नावाखाली 'गाव इथून अमुक किलोमीटर' एवढं मोठ्या अक्षरात लिहा. समुद्रसपाटीपासूनची उंची तुम्ही न विचारता लिहिता. ती वाचून आजवर कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. दुसरी मागणी, प्रत्येक गाडीला एक एसटी जोडा. गाडी उशिरा आली तर बस थांबेल, रात्री आली तरी बस असेल, आणि रेल्वेच्याच तिकिटात तिचे पैसे घ्या. एसटी आपलीच, रेल्वेही आपलीच. १९४८ साली सुरू झालेल्या एसटीने वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, ती स्टेशनाच्या दारात उभी राहायला नाही म्हणणार नाही. फक्त दोघींची भेट कोणीतरी घालून द्यायला हवी. सख्ख्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसतात, तेवढं थांबवा.

तिसरी मागणी आमच्या पाटणची आहे. कराड-चिपळूण असा सुमारे १०३ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आमच्या कोयनेच्या खोऱ्यातून जाणार, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आहोत. पाहण्या झाल्या, २०१६ साली करार झाल्याच्या बातम्या आल्या, खर्चाचा आकडा तीन हजार कोटींच्या वर गेला. रूळ मात्र अजून कागदावरच आहेत. तेव्हा बाजारात तुरी असताना मी घरात भांडण काढतो आहे, हे मला कळतं. पण बाजारात तुरी आहेत तोवरच भांडून घ्यावं. एकदा वरण शिजलं की कोणी ऐकत नाही. मला स्वप्नात एक पाटी दिसते. कुठल्याशा डोंगराच्या कडेला पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या अक्षरांत 'पाटण रोड'. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. आणि बाकावर कोणीतरी शाल गुंडाळून बसलेलं.

नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की, ती रेघ ओढताना गाव कुठे आहे ते आधी पाहा. पूल लागला तर पूल बांधा. पोतं दारात नेऊन ठेवा, मग हमाली मागा.

गेल्या आठवड्यात पेपरात पुन्हा या रेल्वेची बातमी आली. मी ती आबांना मोठ्याने वाचून दाखवली. कुठून निघणार, कुठे जाणार, किती बोगदे, किती कोटी, सगळं वाचलं. आबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. त्यांनी सगळं ऐकलं, काठी बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला.

"ते समदं ऱ्हाऊ दे. उतरवणार कुठं?"

बातमीत तेवढंच दिलेलं नव्हतं.